इंग्रजी विभागाच्या अभ्यासमंडळाला खुलं पत्र: भाषा काढून टाकल्यावर साहित्य वाचायचं कशाने?

मा. अध्यक्ष आणि अभ्यासमंडळाचे सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

एम.ए. इंग्लिशच्या नव्या सिलॅबसची पीडीएफ सुट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी ग्रुपवर येऊन पडली. मी ती आधी नुसती चाळली, मग नीट बसून वाचली, मग जुना सिलॅबस शेजारी उघडून एकेक पेपर ताडून पाहिला, कारण मला वाटलं माझीच काहीतरी नजरचूक होतेय. नव्हती होत. 'इंग्रजी भाषेचा इतिहास' आणि 'भाषाविज्ञान व शैलीविज्ञान' हे दोन्ही कंपल्सरी पेपर गेलेत. त्यांच्या जागी 'प्रोफेशनल कम्युनिकेशन' आणि 'प्रेझेंटेशन स्किल्स'. भाषेचं म्हणून जे काही उरलंय ते तिसऱ्या सेमिस्टरच्या एका इलेक्टिव्हमध्ये कोंबलंय आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात टाकलंय की किमान पंधरा जणांनी निवडला तरच पेपर चालेल. वर्गात मुलं सव्वीस, इलेक्टिव्ह पाच. गणित तुम्हीच करा.

हरकती पाठवायला सात दिवस दिले होते, त्यातले पाच सुट्टीचे. मी तरी पाठवली. उत्तर आलं, 'आपली सूचना नोंदवून घेण्यात आली आहे.' बस. कुठे नोंदवली, कोण वाचणार, कधी, काही नाही. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी कोण ते आधी सांगते म्हणजे ह्यात माझा काय संबंध ते कळेल. बारा वर्षांपूर्वी मी ह्याच विभागात एम.ए. केलं, नोकरी सांभाळून. पदवी माझी कॉमर्सची. साहित्य आवडतं म्हणजे कादंबऱ्या वाचायला आवडतात एवढीच माझी तयारी. पहिल्या इंटर्नलला फोनेटिक्समध्ये, म्हणजे उच्चारशास्त्रात, मला चाळीसपैकी अकरा मार्क पडले होते आणि मी फॉर्म मागे घ्यायच्या बेतात होते. आता गेली चार वर्षं आठवड्याला चार तास इथेच पाहुणी शिक्षिका म्हणून शिकवते. हे पत्र लिहिल्यावर पुढच्या वर्षी ते चार तास मिळतील की नाही कल्पना नाही, पण गप्प बसले तर शिकवायला तरी काय उरणार आहे.

त्या अकरा मार्कांनंतर मी टिकले ती एका तासामुळे. सरांनी फळ्यावर 'नाइट' (knight) लिहिलं, सरदार ह्या अर्थाचं, आणि म्हणाले ह्यातलं प्रत्येक अक्षर आता म्हणायचं, चौदाव्या शतकात म्हणायचे तसं. आधी 'क', मग 'न', आणि ते जी-एच घशातून खरवडून, 'क्निख्ट' असं काहीतरी. अख्खा वर्ग घसा साफ केल्यासारखे आवाज काढत होता, बाहेरून जाणारे डोकावून बघत होते. मला तोवर वाटायचं इंग्रजी स्पेलिंग ही कुणीतरी मुद्दाम केलेली चेष्टा आहे. त्या दिवशी कळलं की ते नुसतं जुनं आहे. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, पुढे हळूहळू स्पेलिंग गोठत गेलं, आणि उच्चार मात्र थांबायला तयार नव्हते, १४०० ते १७०० च्या दरम्यान तर बहुतेक सगळे दीर्घ स्वर जागा सोडून सरकले. म्हणजे लिहिलेला शब्द एका काळातला आणि तोंडातला दुसऱ्या. हे कळल्यावर जुनी कविता बंद दारासारखी वाटायची थांबली. पुढे माझं सगळं वाचन त्या एका तासावर उभं राहिलं असं म्हटलं तरी चालेल.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, बाकीच्या तिच्या पोटातल्याच आहेत. तुम्ही असं धरून चाललाय की भाषा हा एक विषय आणि साहित्य हा दुसरा, त्यामुळे एक कमी केला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. धक्का कसा लागतो ते वर्गातलंच सांगते.

गेल्या सेमिस्टरला हॅम्लेट चालू होतं. तिसरा अंक, चौथा प्रवेश, मुलगा आईच्या खोलीत येतो तो. आई म्हणते, हॅम्लेट, 'दाऊ' हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड. मुलगा लगेच उलटवतो, मदर, 'यू' हॅव माय फादर मच ऑफेंडेड. वाक्य जवळपास तेच, सर्वनामं फिरली आणि तेवढ्यात बापही बदलला, तिचा 'फादर' म्हणजे नवा नवरा आणि त्याचा 'फादर' म्हणजे मेलेला राजा. बापाचं सगळ्यांना कळलं, ते गाईडमध्ये असतं. मी विचारलं, पण ती 'दाऊ' म्हणते आणि तो 'यू', ते का? बराच वेळ कोणी बोलेना. मग एक जण म्हणाला, मॅडम, 'दाऊ' आदराचं आहे, प्रार्थनेत असतं ना, आई त्याला मान देतेय कारण तो राजपुत्र आहे.

उत्तर चुकलं होतं पण पोरगा हुशार आहे, त्याने कान वापरले होते, फक्त त्याच्या कानाला मधल्या चारशे वर्षांत काय झालं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. शेक्सपियरच्या काळात 'दाऊ' म्हणजे आपलं 'तू'. जवळच्याला, लहानाला, नाहीतर चिडून तोडून बोलताना. 'यू' म्हणजे 'तुम्ही'. मोठ्या घरातला मुलगा आईला 'यू'च म्हणणार. मी म्हटलं, आता हेच मराठीत म्हणून बघा. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, 'आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलंत.' आणि म्हणून झाल्यावर स्वतःच थबकली. 'पण मॅडम, आईला तुम्ही? हे तर नातं तोडल्यासारखं वाटतंय.' तेच तर. आपण आईला 'तू' म्हणतो, वडिलांना 'तुम्ही' म्हणणाऱ्या घरातसुद्धा. त्यामुळे तिकडचं रीतीचं, साधं 'यू' आपल्याकडे उचलून आणलं की एकदम बर्फ होतं. 'तू' ठेवलं तर तोंडाला तोंड दिल्यासारखं होतं, 'तुम्ही' केलं तर घाव एक ओळ आधीच बसतो.

एक ओळ आधी म्हणायचं कारण, खरी गंमत पुढच्या ओळीत आहे. मुलाचं ते उत्तर ऐकल्यावर आईच 'दाऊ' टाकून देते. कम, कम, 'यू' आन्सर विथ अ‍ॅन आयडल टंग, म्हणजे हे उत्तर पोकळ आहे. आत्ता आत्तापर्यंत 'अरे'ने बोलणारी आई अचानक 'आपण' वर आली तर कसं होईल, तसं. ती आईच्या जागेवरून उठून राणीच्या जागेवर जाऊन बसते आणि हे सगळं एका सर्वनामात होतं, रंगसूचना नाही, स्वगत नाही, काही नाही. हे वर्गाच्या लक्षात आलं तेव्हा मागच्या बाकावरून 'अय्यो' असा आवाज आला. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी वह्या मिटेना.

एका तासात आम्ही तीन ओळी वाचल्या. तुमच्या नव्या तासिका-नियोजनात ह्या अख्ख्या नाटकाला सहा तास आहेत आणि त्यांची शीर्षकं आहेत थीम्स, कॅरेक्टर्स आणि 'आजच्या काळातील औचित्य'.

त्याच नाटकाच्या पहिल्या अंकात भुताच्या मागे जायला निघालेला हॅम्लेट मित्रांना म्हणतो, मला जो 'लेट' करेल त्याचंच भूत करीन. आजच्या इंग्रजीने वाचलं तर जो मला जाऊ देईल त्याला मारीन, म्हणजे सरळ उलटं. एका असाइनमेंटमध्ये ह्या ओळीवरून हॅम्लेटचं मन कसं दुभंगलेलं आहे ह्यावर दीड पान मी वाचलंय, फूटनोटांसकट. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एक 'जाऊ देणं' आणि एक 'अडवणं', झिजून झिजून दोघंही 'लेट' झाली आणि त्यातलं दुसरं जवळपास मेलं, टेनिसच्या सर्व्हिससारख्या एखाद-दुसऱ्या ठिकाणी तेवढं जिवंत आहे. हे माहीत असतं तर ते दीड पान लिहिलंच गेलं नसतं. अलेक्झांडर पोप ह्या कवीच्या एका प्रसिद्ध जोडओळीत 'ओबे' आणि 'टी' (चहा) हे यमक आहे, मुलं म्हणतात कवीला जमलं नाही. जमलंय हो, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'टी' हा शब्द 'टे' असाच म्हणायचे. जुनी मराठी ओवी वाचताना आपण खालची शब्दार्थाची टीप बघितल्याशिवाय पुढे जात नाही, इंग्रजीच्या बाबतीत मात्र शब्द ओळखीचा दिसला की अर्थही कळला असं समजतो, आणि ओळखीचा दिसणारा शब्दच जास्त फसवतो.

आणि हे फक्त जुन्या ग्रंथांचं आहे असंही नाही. एकोणिसाव्या शतकातली कादंबरी घ्या. निवेदक सांगतोय असं वाटतं आणि अचानक ते वाक्य पात्राच्या मनातलं होतं, अवतरणचिन्ह नाही, 'ती म्हणाली' नाही. हे होतं कसं? काळ भूतकाळात सरकतो, 'मी'ची 'ती' होते, पण 'आज', 'इथे', 'उद्या' हे शब्द मात्र पात्राच्याच जागेवरून बोललेले राहतात. त्या एका 'उद्या'मुळे कळतं की हा आवाज कुणाचा. हे ज्याला दिसत नाही तो पात्राचं मत लेखिकेचं मत म्हणून उतरवतो आणि मग तिच्यावर वैचारिक टीका करतो. असे पेपर मी दरवर्षी तपासते.

दुसरी तक्रार तुमच्या प्रस्तावनेतल्या एका वाक्याबद्दल. 'कालसुसंगत करण्यासाठी पारंपरिक भाषिक घटक वगळण्यात आले आहेत.' पारंपरिक ना, मग परंपरा बघू. लंडनला, आज ज्याला यूसीएल (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) म्हणतात तिथे, १८२८ मध्ये इंग्रजीचा प्राध्यापक नेमला गेला तेव्हा त्या पदाच्या नावातच भाषा आणि साहित्य दोन्ही होतं. ऑक्सफर्डने १८८५ मध्ये 'भाषा आणि साहित्य' असं नाव असलेल्या मर्टन प्रोफेसरच्या जागेवर नेपियर ह्या भाषाशास्त्रज्ञाला बसवलं आणि साहित्यवाल्यांनी आरडाओरडा केला. दोनच वर्षांनी तिथलेच इतिहासाचे प्राध्यापक फ्रीमन उलट बाजूने म्हणाले की भाषेची बैठक नसेल तर साहित्याचा अभ्यास म्हणजे शेलीबद्दलच्या गप्पाटप्पा. केंब्रिजने १९१७ मध्ये जुनं भाषाशास्त्र सक्तीचं ठेवलं नाही, आणि त्याच केंब्रिजमध्ये पुढच्या दशकात समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी मुलांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला देऊन मतं लिहून घेतली, १९२९ मध्ये ती पुस्तकात छापली. चांगल्या चांगल्यांची भंबेरी उडालेली आहे त्यात. साधा वाच्यार्थ लागत नव्हता. म्हणजे हे भांडण तुमच्या-आमच्या पणजोबांच्या वेळचं आहे, कधी ह्या बाजूचा माणूस जिंकला कधी त्या, पण मध्ये एक गोष्ट झाली जी तुमच्या सिलॅबसमध्ये दिसत नाही.

१९५८ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शैलीवर एक परिषद झाली, भाषावाले, साहित्यवाले, मानसशास्त्रवाले सगळे एका खोलीत. त्यातून १९६० मध्ये पुस्तक निघालं. रोमान याकबसन ह्या भाषाशास्त्रज्ञाने तिथे साफ सांगितलं की काव्याकडे कान बंद ठेवणारा भाषाशास्त्रज्ञ आणि भाषेच्या प्रश्नांशी देणंघेणं नसलेला साहित्याचा अभ्यासक हे दोघंही सारखेच कालबाह्य. त्याच पुस्तकात रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांचा 'तू' आणि 'तुम्ही'वरचा निबंध आहे, कुणाला कोण काय म्हणतं ह्यात सत्ता किती आणि जवळीक किती. हॅम्लेटच्या तासाला मी जे केलं ते तिथून आलंय, माझ्या डोक्यातून नाही. आता मला सांगा, १९६० मध्ये जे कालबाह्य ठरलं ते आज कालसुसंगत कसं झालं?

तिसरी तक्रार कम्युनिकेशनची. तुम्ही म्हणता मुलांना नोकऱ्या लागल्या पाहिजेत. लागल्याच पाहिजेत, मला टोमणा मारायचा नाहीये, मी स्वतः नोकरी करत शिकलेय. पण मी सात वर्षं संपादनाचं काम केलं आणि मुलाखतीत मला कुणी हस्तांदोलन कसं करता ते विचारलं नाही. एक कागद दिला होता, दहा वाक्यं, प्रत्येकात काहीतरी बिनसलेलं, आणि म्हणाले काय बिनसलंय ते सांगा आणि का बिनसलंय तेही सांगा. एकात 'ओन्ली' चुकीच्या जागी होता, एकात कर्मणी वाक्य करून चूक कुणाची ते लपवलं होतं. 'का'चं उत्तर मला आलं ते ज्या पेपरमुळे तोच तुम्ही काढलाय. ईमेलची सुरुवात आणि शेवट कसा करावा हे शिकायला एम.ए.चे चार क्रेडिट लागत नाहीत, एक शनिवार पुरतो.

चौथी, परीक्षा. अनसीन, म्हणजे आधी न शिकवलेल्या, उताऱ्याचा प्रश्न सगळ्या साहित्याच्या पेपरांतून गेलाय. उरलेत ते 'क्रिटिकली इव्हॅल्युएट' आणि 'डिस्कस द थीम ऑफ'. ही उत्तरं मूळ पुस्तक न उघडता लिहिता येतात आणि लिहिली जातात, पूर्वी गाईडमधून, आता चॅटबॉटमधून. मी त्यात पोरांना दोष देत नाही, दर आठवड्याला एक जाडजूड कादंबरी लावली तर कोण काय करेल. पण मग उत्तरपत्रिकेत काय येतं, तर फूको, देरिदा, बाख्तिन ह्या विचारवंतांची नावं एखाद्या फोडणीसारखी वरून टाकलेली आणि खाली कथानक. एकदा मी एका पेपरच्या कडेला लिहिलं, 'कुठल्या वाक्यात?' मुलगा भेटायला आला, म्हणाला, मॅडम, वाक्य म्हणजे? त्याला खरंच कळलं नव्हतं मी काय मागतेय. त्याच्याकडून आजवर कोणी वाक्य मागितलंच नव्हतं.

पाचवी छोटी आहे पण मला सगळ्यात जास्त झोंबलेली. लायब्ररीने ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचं ऑनलाइन सबस्क्रिप्शन बंद केलं, कारण दिलं की वापर कमी आहे. वापर कमी आहे कारण कोणी शिकवलं नाही की तो नुसता स्पेलिंग बघायचा कोश नाहीये. १८८४ मध्ये त्याचा पहिला भाग आला आणि १९२८ मध्ये तो पुरा झाला, चव्वेचाळीस वर्षं, कारण प्रत्येक शब्दाच्या प्रत्येक अर्थासाठी तो पहिल्यांदा कुठे सापडतो, नंतर कुठे, कधी मेला, हे सगळं तारखेनिशी अवतरणं देऊन मांडायचं होतं. तो 'लेट' तिथे दोन मिनिटांत सापडला असता. मोबाइलवर पहिला अर्थ येतो तो आजचा येतो.

आता तुमच्या बाजूचं जे खरं आहे तेही कबूल करते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही एकांगी बोलतेय. भाषेचे पेपर मुलांना नको होते. फीडबॅक फॉर्ममध्ये 'बोअरिंग', 'नॉट रिलेटेड टू लिटरेचर' असं ढिगाने लिहिलेलं होतं, मला माहितीये, मीही माझ्या वेळेला तसंच लिहिलं असतं जर तो घसा खरवडायचा तास झाला नसता तर. कारण आपण ते तसेच शिकवतो. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचं पुस्तक कधी छापलं, १९१६. लिहा. ट्री डायग्राम काढा, वाक्य कुठलं, तर मुलाने चेंडूला लाथ मारली. वर्षानुवर्षं तोच मुलगा आणि तोच चेंडू. एकही कविता नाही त्या पेपरात, एकही. आणि पलीकडच्या वर्गात कवितेचा तास चालू असतो, तिथे एकही ध्वनी नाही.

ग्रिमच्या नियमाचं उदाहरण घ्या, इंग्रजी-जर्मनच्या कुळात जुनी व्यंजनं कशी बदलली ते सांगणारा, १८२२ चा, 'टिपा लिहा'मध्ये हमखास येणारा. मुलं जर्मन नावं आणि बाण पाठ करतात आणि विसरतात. पण ह्या मुलांच्या तोंडात 'पितृ' आहे, 'दंत' आहे, 'त्रि' आहे. समोर 'फादर', 'टूथ', 'थ्री' लिहा. 'प'चा 'फ', 'द'चा 'ट', 'त'चा 'थ'. अर्धा नियम पाच मिनिटांत त्यांनी स्वतः शोधून काढला असता आणि जन्मभर विसरले नसते. आपल्या मुलांना एकापेक्षा जास्त भाषा येतात ही केवढी मोठी सोय आहे, आणि आपण वर्गात शिरताना ती चपलांसारखी बाहेर काढून ठेवायला लावतो.

म्हणजे शिकवण्यात खोट होती. तिच्यावर इलाज म्हणून विषयच उडवायचा असेल तर मग आपल्याकडे बरेच विषय उडवावे लागतील.

मागण्या लिहिते, साध्या आहेत.

एक, भाषेचा इतिहास पहिल्या सेमिस्टरला कंपल्सरी परत आणा, जुन्या ग्रंथांच्या पेपरच्या आधी किंवा बरोबरीने, नंतर नको. शैलीविज्ञानाचा पेपर दुसऱ्या सेमिस्टरला. प्रोफेशनल कम्युनिकेशन ज्यांना हवंय त्यांना इलेक्टिव्ह म्हणून खुशाल द्या.

दोन, पण ते पेपर जसे होते तसे नकोत. त्या सेमिस्टरला साहित्यात जे नाटक, जी कविता, जी कादंबरी लावली असेल त्यातलेच उतारे भाषेच्या पेपरात घ्या आणि निम्मे मार्क त्या उताऱ्यांवर ठेवा. दोन्ही शिक्षकांनी महिन्यातून निदान एक तास एकत्र घ्यावा. भांडले वर्गात तर आणखी चांगलं, मुलांना त्यातूनच कळेल प्रश्न कुठे आहे.

तीन, साहित्याच्या प्रत्येक पेपरात वीस मार्कांचा अनसीन. उतारा समोर छापलेला, कोशाला परवानगी, पाठांतराला वाव नाही. तपासायला वेळ लागतो म्हणून तो काढला असेल तर तसं सांगा, आम्ही तपासायला बसू.

चार, कोशाचं सबस्क्रिप्शन चालू करा आणि ते कसं वापरायचं ह्याचा एक तास प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच आठवड्यात.

पाच, प्रबंधासाठी भाषांतर आणि त्यावरचं सविस्तर टिपण असा पर्याय द्या. 'तू' की 'तुम्ही' हे ठरवायला पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला जेवढं वाचावं लागेल तेवढं माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच प्रबंधांत वाचलेलं नसतं.

सहा, पंधरा जणांची अट रद्द करा. पाच जणांना शिकायचं असेल तर पाच जणांना शिकवा.

आणि सात, हरकतींची मुदत सुट्टी संपल्यापासून तीस दिवस करा, आलेल्या हरकती आणि त्यांना मंडळाने दिलेली उत्तरं नोटीस बोर्डावर लावा, आणि अंतिम मंजुरीच्या आधी एक बैठक अशी घ्या जिला आजी-माजी विद्यार्थी येऊन बसू शकतील. आम्ही गोंधळ घालणार नाही. फार तर कुणीतरी विचारेल, 'कुठल्या वाक्यात?'

दुसऱ्या मागणीसाठी लागणारं बरंचसं साहित्य माझ्याकडे तयार आहे, चार वर्षांत जमवलेले उतारे, त्यावरचे प्रश्न, मुलांनी केलेली भाषांतरं, त्यांच्या परवानगीने. फुकट देते, नावही नको. सुट्टी संपली की मी मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोन ते चार विभागातच असते, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत. दारावर अजून 'लँग्वेज लॅब' अशी पाटी आहे. आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत, पण दोन खुर्च्यांची जागा मी केली आहे.

आपली,
विभागाची माजी विद्यार्थिनी आणि सध्याची पाहुणी शिक्षिका